जी म्हणजे उजवीकडं

कोगनोळीच्या माळावर कुत्र्यांची शर्यत, उरसाचा गुरुवार.
तंबाखू निघालेल्या रानात खुंटं अजून टोचत होती
म्हणून भूपाल मगदूम आदल्या रात्री
जुन्या छत्रीच्या कापडाचे चार मोजे शिवत बसला.
लोक हसले, "कुत्र्याला मोजे? लगीन हाय व्हय त्याचं?"
तो म्हणाला, "अलास्कात घालत्यात."
अलास्का संकेश्वरच्या अलीकडं का पलीकडं
हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

मला झालं. मी अकरा वर्षांची,
साखळी धरायचं काम माझ्याकडं.
कारवानी कुत्रा, नाव टपाल,
बरगड्या बाहेरून मोजाव्यात असा.

अण्णानं एकोणतीस वर्षं लशीची पेटी वाहिली,
सौंदलग्याहून गावोगाव, सायकलवर, दर गुरुवारी.
रद्दीत त्याला एक पुस्तक घावलेलं, पहिली चाळीस पानं गेलेली.
त्यामुळं उत्तरेचा इतिहास त्याच्यासाठी
एक्केचाळिसाव्या पानावर सुरू व्हायचा:
नोम नावाचं गाव, पंचवीस सालचा जानेवारी,
समुद्र गोठलेला, पोरांच्या गळ्यात घटसर्प.
वीस गाडीवान, दीडशे कुत्री,
हजार किलोमीटरवरून बाटल्या आल्या
साडेपाच दिवसांत, गोधडीत गुंडाळून.
"त्यांना भ्या औषध गोठंल ह्याचं,
मला भ्या बर्फ वितळंल ह्याचं.
नोकरी एकच, पोरी. नुसती उलटी शिवलेली."

आणखी एक पान तो पुन्हा पुन्हा वाचायचा.
रशियानं अलास्का विकली, बहात्तर लाख डॉलरला,
आणि ताबा बदलला त्या आठवड्यात
शुक्रवारनंतर परत शुक्रवारच उजाडला.
"सरकार बदललं की वार बी बदलतोय बघ.
आमचा आजा छप्पन सालात
बुधवारी मुंबई राज्यात झोपला,
उठला तो म्हैसूर राज्यात.
पर गुरुवारीच उठला.
तेवढं एक त्यांनी आमचं ऱ्हाऊ दिलं."

शर्यतीत ससा चिंध्यांचा.
ती अण्णाची अट, जैनाच्या दारचा कुत्रा
जिवंत सशामागं धावणार नाही.
चिंध्या दोरीला, दोरी मोटारसायकलला,
मोटारसायकलवर पंचायतीचा शिपाई.
अण्णानं टपालला तिकडच्या गाडीवानांची भाषा शिकवलेली:
जी म्हणजे उजवीकडं, हॉ म्हणजे डावीकडं.
(आमच्याकडं जी म्हणजे मान खाली.)

शिट्टी झाली. मी साखळी सोडली.
पहिली दोनशे पावलं टपाल दिसलाच नाही,
धुळीची एक रेघ दिसली.
मग मोटारसायकल बांधावरून उजवीकडं वळली,
अण्णा ओरडला, "जी! जी!"
सगळी कुत्री जी गेली,
टपाल एकटा डावीकडं.
उसाच्या कडेनं, ओढ्यातून, वर, आणि नाहीसा.

पितळी घागर चिकोडीच्या कुत्रीनं नेली.
लोक म्हणाले, मोज्यांनी घात केला.
अण्णा काहीच म्हणाला नाही. लूना काढली,
मला मागं बसवलं.
वाटेत एवढंच बोलला,
"एकोणनव्वद पान. बर्फ पातळ असला
तर पुढचा कुत्रा मालकाचं ऐकत न्हाई."
इथं कुठला बर्फ, मी मनात म्हटलं.

हंचिनाळच्या अंगणवाडीच्या पायरीवर
टपाल जीभ बाहेर काढून बसलेला, पायात तीनच मोजे.
सायकलमागं धावून पाठ झालेली वाट
तो एकटा पुरी करून आला होता.
अण्णा रिटायर झाल्याला वर्ष झालेलं,
पेटी आता जीपमधून येते, बुधवारी.
हे टपालला कुणी कळवलं नव्हतं.

गंगव्वा सेविकेनं त्याच्यापुढं पाण्याची ताटली ठेवली,
कडेवरचं पोर सावरलं, आणि आमच्याकडं न बघता,
सवयीनं विचारलं,
"पेटी कुठाय, अण्णा?"

अण्णाचा हात मागं गेला,
लूनाच्या कॅरिअरवर.
तिथं मी होते.